पडद्यावरची साधने : दंगल, अनुबोधपट आणि इतिहासाचा शिक्षक



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसून मी इतिहास शिकलो. पुढे आयुष्यभर इतिहासच शिकविला. आज त्यांच्या नावाने चार शब्द बोलण्याचा मान शाळेने मला दिला, त्याबद्दल कृतज्ञता व्यक्त करतो. तथापि या मानाबरोबर एक जुने कर्जही माझ्या डोक्यावर आहे. ते कोणते, हे व्याख्यानाच्या ओघात सांगेन.

सर दरवर्षी आम्हांला बेळगावच्या किल्ल्यात नेत. कमल बस्तीच्या मंडपातले दगडी कमळ दाखवीत, नंतर सफा मशिदीकडे नेत, आणि परतताना दरवाजाजवळच्या दुर्गेच्या देवळापाशी आम्हांला बसवून विचारीत, "या एका तटाच्या आत किती राज्यांचे दगड आहेत, मोजा पाहू." आम्ही मोजू लागलो की म्हणत, "दगड भांडत नाहीत. भांडण आपण बाहेरून आणतो. ते कोणी आणले, केव्हा आणले आणि कशासाठी आणले, हे शोधणे म्हणजे इतिहास." आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो या तीन प्रश्नांचाच आहे. आपल्या काळातल्या धर्मवेडाचा आणि हिंदू-मुस्लिम दंगलींचा इतिहास कॅमेऱ्याने कसा टिपला, आणि त्या चित्रपटांना इतिहासाचे साधन म्हणून काय किंमत द्यावी, हा तो विषय.

प्रथम शब्दाविषयी. आज आपण 'माहितीपट' म्हणतो. आमच्या लहानपणी 'अनुबोधपट' हा शब्द रूढ होता. सरकारने १९४८ साली फिल्म्स डिव्हिजनची स्थापना केली आणि तिचे समाचारचित्र वा अनुबोधपट मूळ खेळाआधी दाखविणे चित्रपटगृहांवर बंधनकारक होते. निपाणीच्या थिएटरात बाकावर बसून आम्ही धरणांची उद्घाटने, पूरग्रस्तांना होणारे धान्यवाटप आणि परदेशी पाहुण्यांची स्वागते पाहिली. त्यांत दंगल पाहिल्याचे मला स्मरत नाही. बोध करणारा सरकार आणि तो घेणारे आपण, अशी ती वाटणी होती. ही वाटणी मोडली गेली आणि सरकारबाहेरच्या माणसांनी कॅमेरा हाती घेऊन 'आम्हीही पाहिले आहे' असे म्हटले, तेथून आपल्या विषयाला प्रारंभ होतो. अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट अशी की, या प्रारंभाचा एक धागा आपल्या निपाणीतून जातो.

१९८१ चे वर्ष येथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. तंबाखूच्या भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बेंगळूर महामार्ग अडविला आणि एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांना प्राण गमवावे लागले. त्या आंदोलनाच्या बातम्या देशभर गेल्या. परंतु त्याच तंबाखूच्या वखारींत, नाकातोंडात धूळ घेत, दिवसभर तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या आणि निवडणाऱ्या हजारो स्त्रिया होत्या. त्यांच्याविषयी मराठीत अनिल अवचटांनी लिहिले. कॅमेरा घेऊन त्यांच्यापर्यंत आले ते 'युगांतर' या छोट्या गटाचे लोक : दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायाचित्रकार नवरोज कॉन्ट्रॅक्टर. पुण्याच्या घरकामगार स्त्रियांच्या संघटनेवर त्यांनी आधी 'मोलकरीण' हा लघुपट केला होता. १९८२ साली निपाणीच्या स्त्रियांवरचा 'तंबाकू चाकीला ऊब आली' हा लघुपट तयार झाला. रचून ठेवलेल्या तंबाखूला आतल्या आत ऊब चढते, हे निपाणीकरांना सांगावयास नको. तशीच ऊब या स्त्रियांच्या संघटनेला चढली होती. चित्रण त्यांच्याशी विचारविनिमय करून, त्यांच्या सहभागाने झाले. पडद्यावर जे दिसते ते पाहुण्याने येऊन घेतलेले चित्र न राहता त्या स्त्रियांनी दिलेली जबानी ठरते.

माझ्या घराच्या मागच्या गल्लीतून पहाटे या बाया वखारीकडे जात. त्यांत हिंदू होत्या, मुसलमान होत्या, देवीला सोडलेल्या होत्या. सगळ्यांच्या पदरांना एकच वास येई. हा वास मी पुढे दीपा धनराज यांच्या दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी आठवला, म्हणून येथे नोंदवितो.

तो दुसरा चित्रपट हैदराबादचा. १९८४ च्या १६ ऑगस्टला आंध्र प्रदेशात एन. टी. रामाराव यांचे सरकार राज्यपालांनी बडतर्फ केले आणि महिन्याभराने, १६ सप्टेंबरला, ते पुन्हा अधिकारावर आले. राजकारणाच्या या धामधुमीत, गणेश विसर्जनाच्या दिवसांत, हैदराबादच्या जुन्या शहरात दंगल उसळली. दीपा धनराज आणि त्यांचे सहकारी तेथे चित्रण करीत होते. १९८६ साली पुरा झालेला 'क्या हुआ इस शहर को?' हा चित्रपट त्यातून निघाला. मिरवणुकांचा आवेश, दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांची भाषणे आणि संचारबंदीत घरात कोंडलेली गरीब वस्ती त्यात दिसते. दंगल अकस्मात 'भडकत' नाही, तिच्यामागे सरपण गोळा करणारे हात असतात, हे तो चित्रपट १९४८ पासूनचा हैदराबादचा इतिहास सांगत दाखवून देतो. १९८६ मध्ये असे चित्रण हे जवळजवळ एकाकी धाडस होते. तो चित्रपट कित्येक वर्षे विस्मरणात राहिला. पुढे बर्लिनच्या आर्सेनाल संस्थेने त्याची जुनी फीत दुरुस्त करून २०१३ साली तो पुन्हा उपलब्ध केला.

हे दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहिले की इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट जाणवते. निपाणीत गरीब माणूस मजुरीच्या प्रश्नावर एकत्र आला तेव्हा शेजारचीची जात-धर्म त्याला आड आली नाही. हैदराबादेत तोच गरीब माणूस मिरवणुकीच्या निमित्ताने एकत्र आला तेव्हा शेजारीच त्याचा शत्रू ठरला. माणसे तीच, दारिद्र्य तेच. त्यांना कोणत्या कारणासाठी हाक दिली गेली, त्यावर पुढचे सारे ठरले. 'कोणी आणले, केव्हा आणले, कशासाठी आणले' हे सरांचे प्रश्न मला येथे पडद्यावर दिसले.

यानंतरचे नाव आनंद पटवर्धन यांचे. स्वातंत्र्यलढ्यातले अच्युतराव आणि रावसाहेब पटवर्धन हे त्यांचे काका. जयप्रकाशांचे बिहार आंदोलन, आणीबाणीतले राजबंदी आणि मुंबईचे झोपडीवासी यांवर चित्रपट केल्यावर ते १९९० साली अयोध्येकडे वळले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा झाली, २५ सप्टेंबरला सोमनाथहून रथयात्रा निघाली, २३ ऑक्टोबरला समस्तीपूरला ती अडविण्यात आली आणि ३० ऑक्टोबरला अयोध्येत कारसेवक मशिदीवर चढले. हा सारा काळ 'राम के नाम' या सुमारे ७५ मिनिटांच्या चित्रपटात आहे. त्यातला जो माणूस पाहणाऱ्याच्या मनातून जात नाही, तो पुजारी लालदास. न्यायालयाने नेमलेला हा रामजन्मभूमीचा पुजारी कॅमेऱ्यासमोर शांतपणे सांगतो की, हा खेळ सत्तेचा आणि पैशाचा आहे आणि यात देवाच्या नावाने माणसे मरतील. ६ डिसेंबर १९९२ ला मशीद पाडली गेली. १६ नोव्हेंबर १९९३ ला लालदास यांचा खून झाला. भविष्याची इतकी स्पष्ट जाणीव दिलेली आणि इतकी दुर्लक्षिली गेलेली साक्ष आपल्या अर्वाचीन इतिहासात दुर्मीळ आहे.

या चित्रपटाला सेन्सॉर मंडळाने सर्वांसाठी योग्य असे प्रमाणपत्र दिले. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तरीही दूरदर्शनने तो दाखविला नाही. उच्च न्यायालयात लढा दिल्यावर १९९७ साली तो दूरदर्शनवर आला. म्हणजे ज्या वर्षी तो देशाने पाहणे आवश्यक होते, त्याला पाच वर्षे उलटून गेली होती.

येथे मला माझे कर्ज सांगितले पाहिजे.

१९९३ च्या फेब्रुवारीची गोष्ट. मी तेव्हा दुसऱ्या गावी एका शाळेत होतो. मुंबईची दंगल नुकतीच शमली होती. मुलांच्या तोंडी वर्तमानपत्रांतली आणि गल्लीतली भाषा आली होती, आणि मधल्या सुटीत डबे वेगवेगळे बसून खाल्ले जाऊ लागले होते. सरांनी कोठून तरी 'राम के नाम'ची व्हिडिओ कॅसेट मिळविली आणि मला पाठविली. सोबत दोन ओळींची चिठ्ठी होती : दहावीच्या मुलांना दाखव आणि नंतर त्यांना बोलू दे. मुख्याध्यापकांनी हरकत घेतली नाही. टीव्ही शाळेत होता. व्हीसीआर गावातल्या व्हिडिओच्या दुकानातून भाड्याने आणविला. शनिवारी सकाळी मुले हॉलमध्ये बसली. मी कॅसेट हातात घेतली, समोरचे चेहरे पाहिले, मागे दोन पालक उभे होते तेही पाहिले, आणि माझ्या तोंडून शब्द निघाले, "मशीन बिघडलं आहे. आज वर्गात जा."

मशीन बिघडलेले नव्हते.

कोणी मला धमकी दिली नव्हती, कोणाचे पत्र आले नव्हते. मी केवळ भ्यालो. आणि ज्याला भ्यालो ते अजून घडलेलेच नव्हते. सरांना मी तेच खोटे कळविले. त्यांचे उत्तर आले, "मशीन दुरुस्त झाल्यावर दाखव." त्या वाक्यात उपहास होता की विश्वास, हे मला आजतागायत उमगलेले नाही. कॅसेट माझ्या कपाटात राहिली आणि ती बॅच शाळेतून निघून गेली.

त्या दिवसापासून या विषयावरचे जे मिळेल ते मी पाहत आणि वाचत आलो. मुंबईच्या दंगलीनंतर मधुश्री दत्ता यांनी वांद्र्याच्या बेहरामपाड्यावर १९९३ साली 'आय लिव्ह इन बेहरामपाडा' हा चित्रपट केला. ज्या वस्तीविषयी शहरात नाना अफवा होत्या, तिच्यातल्या माणसांना त्यांनी बोलते केले. पटवर्धनांचा 'पिता, पुत्र और धर्मयुद्ध' १९९५ च्या सुमारास आला. त्यात १९८७ चे देवराळ्याचे सतीप्रकरण आहे, शाहबानो खटल्यानंतरचा गदारोळ आहे आणि मुंबईची जळती घरेही आहेत. धर्मवेडाचा पुरुषार्थाच्या खोट्या कल्पनेशी असलेला संबंध हा त्याचा विषय. दोन्ही धर्मांतले कर्मठ, एरवी एकमेकांचे वैरी, स्त्रीच्या प्रश्नावर कसे एकाच सुरात बोलतात, हे त्यात दिसते. तोही दूरदर्शनने नाकारला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने प्रक्षेपणाचा मार्ग मोकळा झाला. २००२ च्या गुजरातेतील हत्याकांडावर राकेश शर्मा यांनी 'फायनल सोल्यूशन' केला. त्याला २००४ साली सेन्सॉरने प्रथम परवानगी नाकारली आणि त्याच वर्षी ती द्यावी लागली.

आता कोणी विचारील, चित्रपट हे इतिहासाचे साधन कसे? त्यात निवड असते, जोडणी असते, दिग्दर्शकाचे मत असते. आक्षेप योग्य आहे आणि तो टाळून चालणार नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापण्यास प्रारंभ केला तेव्हापासून मराठी अभ्यासकाला अस्सल कागद आणि बखर यांतला भेद ठाऊक आहे. अनुबोधपट या दोहोंच्या मधला आहे. त्यातली एकेक चौकट अस्सल कागदासारखी असते. लालदास खरोखर ते शब्द बोलले, ते बोलताना त्यांचा चेहरा तसा होता. परंतु चौकटींची ओवणी बखरकाराची असते. म्हणून कागदाला जे विचारतो तेच येथे विचारावे : कोणी टिपले, कोणासमोर टिपले, काय गाळले? श्रीकृष्ण आयोगाने १९९८ साली दिलेल्या अहवालात मुंबईच्या त्या दोन महिन्यांतील ९०० मृत्यूंची नोंद आहे : ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ अज्ञात आणि ५ इतर. हा आकडा कोणताही चित्रपट देऊ शकत नाही. आणि आपल्या जळालेल्या दारासमोर उभ्या असलेल्या बाईचे मौन कोणताही अहवाल देऊ शकत नाही. अभ्यासकाला दोन्ही हवेत.

साक्षींच्या या प्रश्नाला आपल्याच मातीत एक थोर उदाहरण आहे. १९२४ च्या सप्टेंबरात वायव्य सरहद्दीवरील कोहाट येथे भीषण दंगल झाली. गांधीजींनी हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी दिल्लीत मौलाना महंमद अली यांच्या घरी एकवीस दिवसांचे उपोषण केले. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते बेळगावला राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे त्याचे सूत्रधार. २०२४ साली त्यास शंभर वर्षे झाली. ही गोष्ट आपण सारे अभिमानाने सांगतो. त्यानंतर दोनच महिन्यांनी काय झाले, ते मात्र क्वचित सांगितले जाते. सरकारने कोहाटला जाऊ दिले नाही म्हणून गांधीजी आणि मौलाना शौकत अली रावळपिंडीला गेले आणि तेथे आलेल्या लोकांच्या जबान्या त्यांनी घेतल्या. दोघांनी साक्षी एकत्र ऐकल्या आणि दोघांचे निष्कर्ष जुळले नाहीत. तेव्हा त्यांनी मतभेद झाकला नाही. दोघांची स्वतंत्र निवेदने १९२५ साली 'यंग इंडिया'त प्रसिद्ध झाली. दंगलीचा इतिहास कसा लिहावा याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही : साक्ष एकत्र बसून ऐकावी, पटले नाही तर तसे उघड सांगावे, आणि ऐकणे थांबवू नये.

धर्मातल्या कर्मठपणाशी झुंज ही ज्याच्या त्याच्या घरातूनच सुरू होते, याचे उदाहरण म्हणून हमीद दलवाईंचे नाव घेतले पाहिजे. १९६६ च्या एप्रिलमध्ये सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी मुंबईच्या विधानभवनावर नेला, १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिले आणि १९७७ साली, पंचेचाळिशीही न गाठता, ते गेले. ज्योती सुभाष यांनी २०१७ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. आपल्या धर्माला प्रश्न विचारणारा हा मराठी मुसलमान आणि अयोध्येतला तो पुजारी लालदास एकमेकांना कधी भेटले नसतील. परंतु दोघांनी आपापल्या अंगणात उभे राहून एकच काम केले.

आता अखेरचा चित्रपट. तो तर आपल्या दारावरून जातो. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात नरेंद्र दाभोलकर, १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात गोविंद पानसरे (चार दिवसांनी त्यांचे निधन झाले), ३० ऑगस्ट २०१५ ला धारवाडला एम. एम. कलबुर्गी आणि ५ सप्टेंबर २०१७ ला बेंगळुरात गौरी लंकेश यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पटवर्धनांच्या २०१८ च्या 'विवेक' या चित्रपटाचा हा प्रारंभबिंदू. ॲमस्टरडॅमच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. केरळच्या महोत्सवात तो दाखविण्यासाठी मात्र २०१९ साली उच्च न्यायालयात जावे लागले. पुणे, कोल्हापूर, धारवाड, बेंगळूर ही गावे नकाशावर जोडून पाहा. तो आपलाच महामार्ग आहे, १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी अडविलेला. कोल्हापूर आणि धारवाड यांच्या मध्ये आपण राहतो. १ नोव्हेंबर १९५६ पासून आपण मराठी आणि कानडी असा वाद घालीत आलो. माझीही त्यात मते आहेत आणि ती मी लपवीत नाही. परंतु शिवाजी महाराज खरे कोण होते हे सांगणारा मराठी माणूस आणि वचनसाहित्याचा अर्थ लावणारा कानडी माणूस यांना मारणाऱ्यांनी त्यांची भाषा विचारली नव्हती. ती सीमा त्यांच्या दृष्टीने नव्हतीच.

माझ्या कर्जाची उरलेली गोष्ट सांगून संपवितो. त्या घटनेनंतर बारा वर्षांनी बेळगावच्या बसस्थानकावर एका तरुणाने मला वाकून नमस्कार केला. त्या दहावीच्या वर्गातला तो मुसलमान विद्यार्थी. आता स्वतः शिक्षक झाला होता. चहा घेताना म्हणाला, "सर, रागवू नका. त्या दिवशी मशीन बिघडलं नव्हतं. दुकान माझ्या मामांचं. सायकलीवरनं मीच आणलं होतं, निघताना लावून बघितलं होतं."

मी विचारले, "मग तू बोलला का नाहीस?"

तो म्हणाला, "तुम्ही घाबरला होता, सर. मीबी घाबरलो होतो. पण तुम्ही दाखवणार म्हणून आदल्या रात्री झोप लागली नव्हती मला. वाटलं होतं, आता वर्गात कुणीतरी आमच्याबद्दल खरं बोलेल."

मित्रहो, इतिहासाच्या शिक्षकाला याहून कठोर परीक्षाफळ मिळत नाही. दूरदर्शनने चित्रपट दाखविला नाही म्हणून मी वर्षानुवर्षे संताप व्यक्त करीत होतो. माझ्या हातातल्या दूरदर्शनवर मीच बंदी घातली होती, आणि मला न्यायालयात खेचणारे कोणी नव्हते.

म्हणून शाळेला माझी नम्र विनंती आहे. दरवर्षी या व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी वरच्या वर्गातील मुलांना यांपैकी त्यांच्या वयाला साजेसा एक चित्रपट दाखवावा. पहिला मान 'तंबाकू चाकीला ऊब आली' या निपाणीच्या चित्रपटाला द्यावा, कारण त्यात त्यांना आपल्याच आज्या दिसतील. नंतर शिक्षकांनी गप्प बसावे आणि मुलांना बोलू द्यावे. सहमती झाली नाही तर बिघडत नाही. गांधीजींची आणि शौकत अलींचीही झाली नव्हती. फक्त सरांचे तीन प्रश्न फळ्यावर लिहून ठेवावेत.

ती कॅसेट मी आज सोबत आणली आहे. ती आता चालेल की नाही, सांगता येत नाही, आणि तसे यंत्रही आता सहजी मिळत नाही. तरी ती शाळेच्या ग्रंथालयात, सरांच्या पुस्तकांच्या कपाटात राहावी अशी माझी इच्छा आहे. सरांनी लिहिले होते, मशीन दुरुस्त झाल्यावर दाखव. उशिरा का होईना, त्यांच्या शाळेत येऊन मी कबूल करतो की दुरुस्ती मशीनला नको होती.